ठमाबाईचे हात

आषाढ निम्मा सरला तरी हैबतीची वरची दोन खाचरं लावायची राहिली होती. तरव्यातली भाताची रोपं नको तेवढी वाढून शेंड्याला पिवळी पडत चालली होती. एकुलता एक मुरारी मुंबईला गिरणीत, आणि पावसाळ्यात बोटी बंद. तो काही आता दिवाळीच्या आत घरी, कोंडावर यायचा नव्हता. घरात हैबती, त्याची बायको राही आणि दिवस भरलेली सून मैना, एवढीच माणसं. म्हणून त्या दिवशी हैबतीनं सावड बोलावली होती. आज एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. बोरकोंडातल्या बायका पानांची इरली पाठीवर घेऊन चिखलात वाकल्या होत्या आणि पुढं हैबती बैलांना हाकत चिखलणी करत होता.

राही रोपं लावत होती, पण तिचं ध्यान बांधाकडं होतं. मैना बांधावर उभी राहून रोपांच्या मुठी फेकत होती. घरी बस म्हटलं तर तिनं ऐकलं नव्हतं. "बसून अंग जड व्हतं, आत्याबाय," म्हणाली होती. वाकायचं नाही, या बोलीवर राहीनं तिला आणलं होतं.

एक मूठ फेकायला मैनेनं हात उचलला आणि तो तसाच राहिला. मग तिनं मान खाली घालून आपल्या पायांकडं बघितलं. पाऊस लागलेलाच होता, लुगडं सकाळपासून चिंब होतं.

"आत्याबाय, कोमट लागतंय," ती हळूच म्हणाली.

राही चिखलातून पाय उपसत बांधावर आली. तिनं मैनेचं लुगडं चाचपलं; पाणमोट फुटली होती. तिनं पोटावर तळहात ठेवला. पोट दगडासारखं आवळलं होतं. ती काही बोलायच्या आधी हैबतीनं बैल थांबवले.

"आक्काला आणाय पायजे," तो म्हणाला.

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण ठमाबाई. ऐन उमेदीत नवरा गेला तशी ती माहेरी परत आली आणि कोंडाच्या टोकाला खोपटं बांधून राहिली. सासूच्या हाताखाली शिकलेलं सुईणपण तिनं इथं चालू ठेवलं. बोरकोंडापासून खाली पोलादपूरच्या रस्त्यापर्यंत ज्यांना म्हणून आता मिसरूड फुटलं होतं ते सगळे तिच्या हातावर जन्मले होते. मुरारीही तिच्याच हातावरचा.

रांगेतली एक बाई मान वर न करता म्हणाली, "ठमाबाय घरी नाय. वरच्या कोंडाला गेलीय. रखमा बाळंतीण झाली न्हवं, तिला ताप भरलाय. वात झाल्यागत बडबडत्ये म्हणं."

राहीची बोटं मैनेच्या दंडावर आवळली. इतकी, की मैनेनं तिच्याकडं वळून बघितलं.

"मी जाऊन घेऊन येतो," हैबती म्हणाला. त्यानं आसूड बांधावर टाकला, घोंगडी डोक्यावर ओढली आणि चढणीला लागला.

नका आणू, असं राहीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सावडीच्या सगळ्या बायका कान देऊन होत्या. नणंदेला नको म्हणायचं, तेही नवऱ्याला ओरडून, एवढ्या जणींत. हैबती करवंदीच्या जाळीआड गेला तरी ती तिकडंच बघत राहिली.

घरी आणून तिनं मैनेला माजघरात बसवलं आणि चुलीवर मोठं तपेलं चढवलं. लाकडं ओली होती, धूर डोळ्यात जात होता. फुंकणीनं जाळ करता करता तिच्यापुढं शकूच येत होती.

शकू तिची मुलगी. वरंधला दिलेली. गेल्या कार्तिकात पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. ठमाबाईनंच तिला सोडवली, आणि चांगली सोडवली. मुलगा झाला, वार पडली, शकू हसून पेज प्याली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. मग अंग असं तापलं की हात लावला तर चटका बसे. पोट फुगून ढोलासारखं झालं, घरभर वास सुटला. पाचवीची पूजा मांडायच्या दिवशी ती आईला ओळखत नव्हती. ती गेली आणि मागोमाग दुधावाचून पोरगंही गेलं. कोणी म्हणालं वारं लागलं, कोणी म्हणालं सटवीनं नेलं. त्याच महिन्यात खालच्या आळीत आणखी दोन बाळंतिणी अशाच गेल्या होत्या. त्याचा मेळ तेव्हा कोणीच लावला नाही. राहीच्याही मनात काही आलं नाही.

ते आलं चैत्रात. महाडच्या दवाखान्यातली नर्सबाई पोलादपूरला आली होती आणि तिनं गावोगावच्या सुईणींना धर्मशाळेत बोलावलं होतं. ठमाबाईला एकटीला जायचा संकोच, म्हणून तिनं राहीला सोबत नेलं. नर्सबाई पांढरं लुगडं नेसलेली, सडसडीत, बोलायला सावकाश. तिनं घमेल्यात पाणी घेऊन कोपरापर्यंत हात कसे घासायचे ते दाखवलं. नाळ कापायचं पातं उकळायला सांगितलं. मग म्हणाली, "आणि नीट ऐका. तापानं फणफणलेल्या बाळंतिणीला तुम्ही हात लावला असेल, तर दुसरीच्या बाळंतपणाला जायचं नाही. निदान पंधरवडाभर तरी नाही. तिचं विष तुमच्या हातावरून दुसरीच्या पोटात जातं. ते डोळ्यांना दिसत नाही."

"मग पोरं पंधरवडाभर पोटात थांबत्यात व्हय?" ठमाबाई म्हणाली, आणि सगळ्या सुईणी हसल्या होत्या.

नर्सबाई हसली नाही. राहीही हसली नाही. कार्तिकात शकूला सोडवायला येण्याआधी ठमाबाई कुठून आली होती ते तिला आठवलं. खालच्या आळीतल्या तापकरी बाळंतिणीकडून. दारातच म्हणाली होती, "तिचं काय खरं दिसत नाय."

घरी येताना वाटेत ठमाबाई बडबडत होती आणि राही मागून मुकाट चालत होती. तेव्हापासून ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. हैबतीलाही नाही. सांगून शकू थोडीच परत येणार होती. पण मैनेला दिवस गेलेले होते, आणि राही एकेक महिना बोटांवर मोजत होती.

तपेल्यातलं पाणी खळखळायला लागलं. मुरारीनं शिमग्याला आणलेलं दाढीचं नवं पातं कागदात गुंडाळलेलं होतं. तिनं ते पाण्यात टाकलं, सोबत नाळ बांधायचा दोराही. धुतलेल्या धडप्यांचा गठ्ठा काढला. मग घमेल्यात कढत पाणी घेऊन राखेनं हात घासायला बसली. नखांतला चिखल निघेना तेव्हा तिनं नखंच विळीवर कापली.

शेजारची भिकूची आई शेतातून आली. पायांवरचा चिखल तसाच. "ठमाबाय येत्ये गो. चढण उतरताना दिसली," ती म्हणाली.

राही उठली. ओले हात तसेच वर धरून ती दारात जाऊन उभी राहिली.

ठमाबाई अंगणात आली ती पदर खोचतच. साठीची बाई, पण चालणं तरणीचं. मागून हैबती. त्यांच्या मागं सावडीतल्या दोन-तीन बायका, काम टाकून आलेल्या.

"कळा कितीक आंतरानं येत्यात?" ठमाबाईनं विचारलं आणि ओट्यावर पाय ठेवला.

"वन्सं, रखमा कशी हाय?"

"कशाची कशी. अंग भाजतंय नुसतं. खालून घाण जातंय. तेच धूत व्हते, तर ह्यो बोलवाय आला. तशीच उठून आले." तिनं उंबऱ्याकडं पाऊल टाकलं. "सर."

राही सरली नाही.

"वन्सं, तुमी आत येऊ नका."

ठमाबाईला आधी वाटलं काही विटाळाचंच असावं. "बरं, पाय धुते," म्हणून ती तांब्याकडं वळली.

"पाय न्हाय. तुमी येऊच नका. रखमाला हात लावलेत तुमी."

हैबतीनं घोंगडी खाली घेतली. "काय बोलत्येस तुला कळतंय का? पोरगी आत अडलीय."

"अडली न्हाय. कळा देत्ये."

"त्या नर्सबाईचं ऐकून बोलत्येस तू," ठमाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. उलट खाली आला होता. "ती कालची पोर. तिला स्वताला तरी पोर झालंय का?"

"तिला नसंल झालं," राही म्हणाली. "मला झालं व्हतं. माझी शकू व्हती."

ते बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. ठमाबाई उभीच होती. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त तिनं पुढं केलेले दोन्ही हात मागं घेतले आणि पदराखाली नेले.

हैबती दोन ढांगांत ओट्यावर आला. त्यानं राहीचा खांदा धरला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्यानं कधी बोट लावलं नव्हतं. "माझ्या बहिणीला दारातनं परत पाठवत्येस? ह्या सगळ्यांच्या म्होरं? सर म्हणतो ना."

"मारायचं तर मारा," राही म्हणाली. "मी हितनं हलायची नाय."

आतून मैनेचा कण्हल्याचा आवाज आला, लांबत गेला आणि तुटला.

"हैबती, सोड तिला," ठमाबाई म्हणाली. "बैलं तिकडं चिखलात उभी हायेत. जा."

हैबतीनं हात सोडला. तो शेताकडं गेला नाही. गोठ्यात जाऊन बसला. बायका एकेक करून निघून गेल्या. ठमाबाईही जाईल असं राहीला वाटलं. पण ती गेली नाही. ओट्याच्या कडेला, पागोळ्या पडत होत्या तिथंच, भिंतीला पाठ लावून बसली.

राहीनं पुन्हा हात धुतले. भिकूच्या आईला कढत पाण्यात हात घालायला लावले. "भाजतंय गो," ती कुरकुरली, पण राहीचं तोंड बघून घासत राहिली.

राहीनं बाळंतपणं पाहिली होती, पाठ धरली होती, पाणी दिलं होतं. पण पुढं बसायची ही पहिलीच वेळ. मैनेला ते कळत होतं. आढ्याचा दोर धरून ती उकिडवी बसली होती, केस गालाला चिकटले होते. "ठमाआत्याला आत का घेत नाय?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. "आत्याबाय, माझं कायतरी वाईट हाय का?"

"काय वाईट नाय. मी हाय ना."

"तुमाला येतंय?"

राहीनं तिची पाठ धरली.

दुपार कलायला लागली. कळा येत होत्या, जात होत्या. मैना प्रत्येक कळेला दात खाऊन जोर करायची आणि मग मान टाकायची. पोर काही सरकत नव्हतं. भिकूची आई म्हणाली, "असं तर पोरगी थकून जाईल." राहीलाही तेच दिसत होतं. पण करायचं काय ते कळत नव्हतं.

तेवढ्यात कुडाच्या भिंतीपलीकडून आवाज आला. "तिला आत्ताच जोर करू देऊ नको."

राही दचकली. ठमाबाई बाहेर जिथं बसली होती तिथून माजघराचा कूड हातभरावर होता. ती सगळं ऐकत होती.

"कण्हणं ऐकत्ये मी. खाली कळ देण्यासारखं कण्हणं नाय ते. उठीव. चालव. कोपऱ्यापातूर ने नि आण. पाणी पाज. आवाज बदलला की मी सांगत्ये."

राहीनं मैनेला उठवलं. एका बाजूनं ती, एका बाजूनं भिकूची आई, असं तिला माजघरात फिरवलं. किती फेऱ्या झाल्या त्याचा पत्ता लागला नाही. मग एक कळ आली आणि मैनेच्या घशातून वेगळाच, खोल, गुरासारखा आवाज निघाला.

"हां," बाहेरून ठमाबाई म्हणाली. "आता बसीव. आता करू दे जोर."

डोकं दिसलं. काळं, ओलं, मुठीएवढं. पुढच्या कळेला ते बाहेर आलं आणि तिथंच अडलं. चेहरा निळा.

"वन्सं, डोकं आलं. निळं हाय."

"मानंला बोट लावून बघ. नाळ हाय?"

"हाय. वेढा हाय."

"घट्ट का सैल?"

"बोट जातंय खालून."

"मग वढू नको. हळू सैल कर नि डोक्यावरनं काढ. कुंची काढत्येस तशी. मैने, आता जोर करू नको गो बाय. तोंडानं फुंकर मार."

राहीनं बोट घातलं. नाळ बुळबुळीत, जिवंत वस्तूसारखी आत धडधडत होती. एकदा निसटली. दुसऱ्यांदा ती डोक्यावरून उतरली. मग खांदे, आणि मग एकदम सगळं पोर तिच्या ओंजळीत. मुलगी. राहीनं तिला पालथी धरून पाठ चोळली, तोंडातलं बोटाला धडपं गुंडाळून पुसलं. पोरीनं आधी शिंकल्यासारखं केलं, मग टाहो फोडला.

बाहेरून ठमाबाईनं नाक ओढल्याचा आवाज आला.

राहीनं उकळलेल्या दोऱ्यानं दोन गाठी मारल्या, पात्यानं नाळ कापली, पोर भिकूच्या आईकडं दिलं. आता वार पडायची वाट बघायची. ती पडेना. मैनेखालचं धडपं लाल झालं. राहीनं दुसरं घातलं. तेही झालं. रक्त थेंब थेंब नव्हतं, धार होती. मैनेच्या ओठांचा रंग गेला.

"मला काळुखं दिसतंय, आत्याबाय," ती म्हणाली.

"वन्सं, वार पडत नाय. रगात लय जातंय."

बाहेर हालचाल झाली. ठमाबाई उठून दाराशी आली होती. माजघराच्या तोंडाशी तिची सावली पडली.

"सोड मला आत," ती म्हणाली. "मी हात घालून काढत्ये. आजवर कितीजणींची काढलीय."

राही मैनेजवळ गुडघ्यांवर बसली होती. तिनं वर बघितलं. ठमाबाई उंबऱ्याच्या पलीकडं उभी होती; बाह्या वर केलेल्या, पण हात अजून पदराखाली.

"तुमी हात घातलात तर ती पाचवीला जाईल," राही म्हणाली.

"आन नाय घातला तर आत्ता जाईल. डोळं हायेत ना तुला."

भिकूची आई म्हणाली, "राही, घे बाय त्येंना आत. मागचं सोड." पोरगी तिच्या मांडीवर रडत होती. राहीला एका क्षणी वाटलं, आपण सरावं. मैना गेली तर मुरारीला काय सांगायचं, हैबतीला काय सांगायचं. सगळा कोंड म्हणेल, सासूनं मारली. ठमाबाईनं हात घातला आणि मग मैना गेली तर कोणी काही म्हणणार नाही. सटवीनं नेली म्हणतील.

"दुसरं कायतरी सांगा," राही म्हणाली. "वन्सं, तुमी एवढी बाळंतपणं केलीत. हात न घालता काय व्हतं ते सांगा."

कदाचित ठमाबाईला असं कधी कोणी विचारलंच नव्हतं. मग तिनं दाराची चौकट धरली आणि भराभर बोलायला लागली.

"पोर तिच्या अंगाशी लाव. थान तोंडात दे. देत्येस का? आता बेंबीच्या खाली हात घाल. दाब. गोळा लागतोय?"

"मऊ हाय. पिठागत."

"चोळ. जोरानं चोळ, ती वरडली तरी चोळ. नारळागत कडक लागंस्तवर थांबू नको. भिकूच्या आय, तिला मुतवलंय का मघापासनं?"

"नाय."

"मग मूत तटलंय, म्हणून वार अडलीय. उठवून बसवा. पडंल म्हणून भिऊ नका. धरा. राही, हात काढू नको पोटावरचा. आन नाळ वढू नको, काय झालं तरी वढू नको."

दोघींनी मैनेला उचलून बसती केली. तिची मान राहीच्या खांद्यावर पडली. राही एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं पोट चोळत होती. मनगट भरून आलं होतं, डोळ्यांत घाम उतरत होता. मैनेला लघवी झाली. राहीच्या तळव्याखाली काहीतरी गोळा झालं, आवळलं, कडक झालं. आणि धपकन वार खाली पडली.

"पडली," राही म्हणाली.

"सगळी हाय का बघ. फाटलीय कुठं?"

"नाय. सगळी हाय."

"रगात?"

राहीनं धडपं बदललं. वाट बघितली. "कमी झालं."

सावली दारातून सरली. राही बाहेर आली तेव्हा अंगणात कोणी नव्हतं. ओट्यावर ठमाबाई बसली होती तेवढी जागा ओली होती.

दुसऱ्या दिवशी सावडीला कोणी आलं नाही. आदल्या दिवसाचं खाचर अर्धं लावलेलं, अर्धं नुसतं पाणी. भिकूची आई मैनेजवळ बसायची आणि राही-हैबती दोघंच शेतात वाकायची. हैबती बोलत नव्हता. मूठ मागायची झाली तर नुसता हात पुढं करायचा. पाणवठ्यावर बायका राहीला बघून हंडा उचलायच्या. नणंदेच्या तोंडावर तिनं काय म्हटलं ते सगळ्या कोंडावर झालं होतं, वरच्या कोंडावरही.

राहीला त्या सगळ्याचं काही वाटत नव्हतं असं नाही. पण तिचा जीव दुसरीकडं होता. रोज उठल्याबरोबर ती मैनेच्या कपाळाला हात लावायची, मग मानेखाली, मग पोटावर. शेतातून आली की पुन्हा. मैनेला हसू यायचं. "मी बरी हाय, आत्याबाय." शकूही हसलीच होती. राही धडपी नाकाशी नेऊन वास घ्यायची. पेज उरली तर पुन्हा कपाळाला हात लावायची.

पाचवीच्या सकाळी रखमा गेल्याचं कळलं. वरच्या कोंडावरून माणसं खाली स्मशानाकडं जाताना राहीनं खाचरातूनच बघितली. त्या दिवशी ती शेतात थांबली नाही. घरी येऊन मैनेजवळ बसून राहिली. मैना पोरीला पाजत होती. तिचं अंग थंड होतं.

संध्याकाळी राहीनं पाचवी पुजली. सुपात तांदूळ, नारळ, खण घालून ते हैबतीपुढं ठेवलं. "वन्संना देऊन या. त्यांचा मान हाय."

हैबती सूप घेऊन गेला आणि तसंच घेऊन आला. "मी कुठं हात लावला, म्हणाली," त्यानं सांगितलं. पाचवीपर्यंतच्या त्याच्या मुकेपणात हे पहिलं वाक्य. सूप खाली ठेवून तो पुढं म्हणाला, "दोन दिस चूल पेटवलेली दिसत नाय तिनं."

राहीनं भाकरी बांधून दिली. ती परत आली नाही, एवढंच.

बाळंतपणाचा बारावा दिवस उलटल्यावर मैना उठून चुलीपाशी बसायला लागली. राहीचा श्वास तेव्हा कुठं खाली उतरला. शेवटच्या खाचराची लावणी राहिली होती. हैबती खालच्या बाजूनं बांध घालत होता आणि राही एकटीच रांग धरून मागं मागं सरकत होती, तेव्हा बाजूला पाण्यात कोणीतरी उतरल्याचा आवाज झाला. तिनं इरल्याखालून बघितलं. दोन पाय, वाळक्या लाकडासारखे. ठमाबाईनं बांधावरची मूठ उचलली, सोडली आणि राहीच्या शेजारची रांग धरली.

इरल्यांखाली एकमेकींची तोंडं दिसत नव्हती. चिखलात बोटं जात होती, येत होती.

"राही," ठमाबाई म्हणाली, "शकूला माझ्याच हातानं झालं व्हय?"

राहीची बोटं चिखलातच थांबली. चैत्रापासून हा प्रश्न तिच्यापाशी होता. तो ठमाबाईच्या तोंडून येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. नाही म्हणणं सोपं होतं. म्हातारीला तेवढा आधार झाला असता. आणि उद्या ती पुन्हा कोणाच्या तरी दारात बाह्या सारून उभी राहिली असती.

"हो," ती म्हणाली. मग एक रोप लावून, "तुमाला ठाव नव्हतं. मलाबी नव्हतं."

ठमाबाईची रांग तेवढ्यात थोडी वाकडी गेली. तिनं ती रोपं उपटून पुन्हा सरळ लावली. "कितीजणी आठवायच्या मी," ती स्वतःशीच म्हणाली. राही शेजारी लावत राहिली.

ओढ्याच्या बाजूनं कोणीतरी धावत येत होतं. खालच्या आळीचा सदू, पायजम्याला चिखल, धाप लागलेली. तो बांधावर येऊन थांबला. राहीकडं त्यानं बघणं टाळलं.

"ठमाआत्ये, चल. घरातली कळांनी लय तळमळत्ये. सकाळपासनं."

ठमाबाई सरळ झाली. हात पाण्यात खळबळून ती बांधाकडं निघालीसुद्धा, सवयीनं. मग मधेच थांबली.

"मी नाय येत. रखमाला हात लावून मला अजून पंधरवडा झाला नाय."

सदूला काही कळलं नाही. "म्हंजे? मग कुणाला नेऊ?"

"हिला ने."

"वन्सं, मला काय येतंय," राही म्हणाली. "मी एकच तर केलंय. तेबी तुमी सांगत व्हता म्हणून."

"मग मी दाराशी बसत्ये. तोंड माझं, हात तुझं." ती सदूकडं वळली. "आन तू पुढं पळ. पाणी उकळाय ठेव. मोठं भांडं. पातं हाय का घरात, कोरं?"

सदूनं एकीकडून दुसरीकडं बघितलं. घरात बायको तळमळत होती, वाद घालायला त्याला वेळ नव्हता. तो मान हलवून पळाला.

राहीनं खाचराकडं बघितलं. अर्ध्याहून जास्त राहिलं होतं. खालून हैबती फावडं खांद्यावर घेऊन आला. त्यानं सगळं ऐकलेलं दिसत होतं. राहीच्या हातातली मूठ त्यानं काढून घेतली आणि तिच्या रांगेत वाकला.

दोघी ओढ्यावर आल्या. वर डोंगरात पाऊस झालेला, पाणी गढूळ होऊन मांडीपर्यंत चढलं होतं, मधल्या दगडावरून उसळत होतं. ठमाबाई आधी उतरली. पायानं चाचपत ती त्या दगडापर्यंत गेली, पाय रोवून उभी राहिली आणि मागं वळून तिनं हात पुढं केला. केला आणि अर्धा मागं घेतला.

राहीनं पाण्यात पाय टाकला. ओढ होती. तिनं पुढं वाकून तो हात घट्ट धरला. पलीकडं गेल्यावर हात कढत पाण्यानं धुवायचेच होते.